किती उघडायचे, कोठे थांबायचे: घरच्या गॅरेजात एका प्युजो २०५ जीटीआयची दुरुस्ती

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गाडी १९८९ साली तयार झालेली, १.९ लिटर इंजिनाची लाल प्युजो २०५ जीटीआय आहे. गाडीमालकांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. त्यांनी कामाच्या नोंदी एका वहीत तारखेवार ठेवल्या होत्या, आणि बहुतेक शनिवार-रविवार मी त्यांच्या हाताखाली असल्याने त्यातील बरेचसे प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

लहान, हलक्या घरगुती गाडीत ताकदीचे इंजिन आणि घट्ट सस्पेन्शन बसवायचे, पण मागचे मोठे दार, घडी होणारी सीट आणि सामानाची जागा तशीच राखायची, ही हॉट हॅचबॅकची कल्पना १९७६ मध्ये विक्रीस आलेल्या फोक्सवागेन गोल्फ जीटीआयने लोकप्रिय केली. २०५ जीटीआय १९८४ मध्ये १.६ लिटर इंजिनासह आली आणि १९८६ मध्ये तिला १९०५ सीसीचे, सुमारे १३० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. वजन जेमतेम ९०० किलोच्या आसपास असल्याने एवढी ताकद तिला भरपूर पुरते. वळणात असताना अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर तिचा मागचा भाग बाहेर निसटू पाहतो, हा तिचा प्रसिद्ध स्वभाव आहे. चालवणाऱ्याला त्याची जाण असली तर त्यात आनंद आहे. मागची चाके जागेवर घट्ट नसली तर मात्र तोच स्वभाव धोक्याचा ठरतो. पुढचे अनेक निर्णय याच गोष्टीभोवती फिरले.

गाडी ११ वर्षे एका बंद शेडमध्ये उभी होती. गाडीमालकांनी ती घेतली तेव्हा त्यांच्याकडे एका गाडीपुरते बंदिस्त गॅरेज, साधी पण चांगली हत्यारे आणि आठवड्याचे दोन दिवस एवढे भांडवल होते. सर्व्हिसिंग, ब्रेकची कामे त्यांना येत होती. वेल्डिंग येत नव्हते. सहा महिन्यांत गाडी रस्त्यावर यावी, असा त्यांचा अंदाज होता.

पहिली तपासणी आणि पहिली चूक

पहिल्या भेटीत गाडी आहे त्यापेक्षा बरी वाटली. रंग उडून गुलाबीसर झाला होता, चाकांवरच्या प्लॅस्टिकच्या कमानी पांढुरक्या पडल्या होत्या, आतील लाल गालिचा ओलसर होता. पण कोठे मोठा चेंदामेंदा नव्हता. गाडीमालकांना राहवले नाही आणि त्यांनी पहिल्याच रविवारी बॉनेट पॉलिश करायला घेतले. या गाडीचा लाल रंग एकाच थराचा आहे, वर वेगळे लॅकर म्हणजे पारदर्शक थर नाही, त्यामुळे पॉलिशच्या पॅडवर लाल रंग उतरतो आणि खालून ताजा थर वर येतो. दोन तासांत बॉनेटचा मधला भाग आरशासारखा झाला. त्याच उत्साहात पुढच्या कडेवर यंत्र क्षणभर जास्त टेकले आणि तेथे बोटभर लांबीचा करडा प्रायमर उघडा पडला. कडांवर रंग मुळातच पातळ असतो. तेथे कागदी टेप लावून घेणे आणि शेवटचा हात यंत्राशिवाय फिरवणे, एवढ्याने हे टळले असते.

त्यानंतरच्या आठवड्यात मात्र शिस्तीने तपासणी झाली. कापडात गुंडाळलेले एक लहान लोहचुंबक सगळ्या पत्र्यावरून फिरवले, तेव्हा डाव्या दाराखालच्या सिलवर, म्हणजे बॉडीच्या खालच्या कडेच्या पोकळ पत्र्यावर, ते सुमारे हातभर लांबीच्या पट्ट्यात चिकटेना. आधी कोणीतरी तेथे सडका पत्रा कापून न काढता त्यावर जाड लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता. छिन्नीच्या टोकाने ती लांबी पापुद्र्यासारखी निघाली आणि मागे तळहाताएवढे भोक दिसले.

दुसरी गोष्ट ओळंब्याने उघड केली. मागची चाके वरच्या बाजूने आत झुकलेली आहेत असे डोळ्यांना वाटत होते, पण वाटण्यावर भागणार नव्हते. गाडी सपाट फरशीवर उभी करून कमानीवरून ओळंबा सोडला आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर पट्टीने मोजले. उजवीकडे फरक १० मिलिमीटर आला, डावीकडे २१. पंधरा इंची रिमवर २१ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तीन अंशांचा कल, आणि दोन्ही बाजूंत एवढी तफावत म्हणजे आत काहीतरी झिजले आहे.

या गाडीच्या मागच्या ॲक्सलला उभ्या स्प्रिंगा नाहीत. रुंदीभर एक जाड पोलादी नळी आडवी असते. तिच्या दोन्ही टोकांना चाक धरणारी एकेक भुजा, भुजेचा शाफ्ट नळीतल्या नीडल बेअरिंगांवर फिरतो आणि स्प्रिंगचे काम पीळ घेणारे दोन आडवे दांडे म्हणजे टॉर्शन बार करतात. या रचनेमुळे सामानाची जागा सपाट आणि मोठी मिळते. नळीच्या टोकाचे पाणी अडवणारे सील वयाने कडक झाले की पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, बेअरिंगच्या बारीक सुया गंजतात आणि शाफ्टला चरे पडतात. शाफ्ट सैल झाला की चाक वरून आत झुकते. ११ वर्षे एकाच जागी ओलाव्यात उभ्या राहिलेल्या गाडीत हे होणे नवलाचे नव्हते.

समोरचे पर्याय

येथे खरा निर्णय उभा राहिला. पहिला पर्याय संपूर्ण गाडी सुटी करण्याचा होता: इंजिन, ॲक्सल, काचा, आतले सगळे काढायचे, नुसती बॉडी उरवायची, पत्राकाम व रंग करून पुन्हा जोडायची. काम सर्वांत चोख होते, हे मान्य करायला हवे. पण एका गाडीपुरत्या गॅरेजात सुटी गाडी ठेवायला गाडीइतकीच आणखी जागा लागते, आणि पेट्या भरून ठेवलेली गाडी अर्धवटच विकली जाण्याचा धोका मोठा असतो.

दुसरा पर्याय नेमका उलटा होता: चालण्यापुरते करायचे, रंग चमकवायचा, बाकी वापरता वापरता पाहायचे. गाडीमालकांचे मन सुरुवातीला इकडे झुकत होते. सिल हा बॉडीला ताठपणा देणारा भाग आहे आणि मागचा ॲक्सल चाकांची दिशा राखतो. या दोन्हींवर नंतर पाहू म्हणणे मला तरी पटले नाही, आणि तसे मी स्पष्ट सांगितले.

शेवटी तिसरा मार्ग ठरला. कामाचे तीन गट करायचे: ज्यावर जीव अवलंबून आहे ते, ज्यावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून आहे ते, आणि जे दिसते ते. एका वेळी एकच गट उघडायचा आणि तो मिटल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. गाडी शक्य तितका काळ स्वतःच्या चाकांवर उभी राहील, अशीही अट घातली. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला गेला. तो पुढे मोडला, आणि त्याची किंमत मोजावी लागली.

मागचा ॲक्सल

ॲक्सलसाठी तयार दुरुस्त केलेला संच घेऊन जुना बदल्यात देणे, भंगारातून दुसरा ॲक्सल आणणे किंवा स्वतःचाच उघडून दुरुस्त करणे असे मार्ग होते. भंगारातला ॲक्सल तेवढ्याच वयाचा असल्याने तो विचार लगेच सोडला. तयार संच महाग होता, पण काम दोन दिवसांचे होते. गाडीमालकांनी स्वतः उघडायचे ठरवले, कारण आतून तो कसा आहे हे त्यांना पाहायचे होते आणि फक्त बेअरिंग व सील बदलून भागेल अशी आशा होती.

ॲक्सल गाडीतून उतरवणे फारसे अवघड गेले नाही. ब्रेकच्या नळ्यांचे नट मात्र गंजाने असे धरले होते की साध्या पान्याने त्यांचे कोपरे गोल झाले. नळीवरून सरकणारा, नटाला सगळीकडून धरणारा खास पाना आधीच वापरायला हवा होता. दोन नळ्या कापाव्या लागल्या आणि नव्या बनवून घ्याव्या लागल्या.

टॉर्शन बार काढताना सहा आठवडे गेले. बारच्या टोकांना दात असतात आणि ते गंजून भुजेत एकजीव झाले होते. गंज सोडवणारे तेल रोज सोडायचे, टोकाच्या आट्यांत बोल्ट पिळून सरकत्या वजनाचा हातोडा मारायचा, भुजा बाहेरून तापवायची, थंड होऊ द्यायची, पुन्हा मारायचे, असा क्रम चालला. बार हलण्याआधी त्याच्या टोकावर आणि भुजेवर सलग रेघ ओरखडून ठेवली होती, आणि डावा कोणता, उजवा कोणता याच्या खुणाही केल्या होत्या. शेवटी एका संध्याकाळी डावा बार अर्धा इंच सरकला तेव्हा त्या आवाजाने आम्ही दोघेही दचकलो.

आत डाव्या बाहेरच्या बेअरिंगच्या जागी तांबूस भुकटी आणि तुटक्या सुया निघाल्या. शाफ्टवरून नख फिरवले तर प्रत्येक चऱ्यात अडकत होते. म्हणजे नुसत्या बेअरिंगवर भागणार नव्हते. नळीचा आतला पृष्ठभाग मात्र घासून साफ केल्यावर गुळगुळीत निघाला. तोच खरवडला गेला असता तर सगळी मेहनत सोडून तयार संच घ्यावा लागला असता. जुने शाफ्ट काढून नवे बसवणे घरच्या हत्यारांनी होण्याजोगे नव्हते. ते काम हायड्रॉलिक प्रेस असलेल्या एका कारखान्यातून करून घेतले. उजव्या बाजूची झीज कमी होती, पण तिचेही शाफ्ट, बेअरिंग आणि सील त्याच फेरीत बदलले, आणि तो निर्णय योग्यच होता.

जोडणीत गाडीची उंची ठरवणे हा नाजूक भाग. भुजा कोणत्या कोनात असताना बार दातांत बसतो, त्यावर गाडी मागून किती उंच राहील हे ठरते. त्यासाठी शॉक ॲब्झॉर्बरच्या जागी दोन भोके पाडलेली लोखंडी पट्टी ठरलेल्या अंतराने बसवून भुजा स्थिर धरली आणि मग बार ठोकला. पहिल्या प्रयत्नात डावी बाजू १२ मिलिमीटर उंच राहिली. बार पुन्हा काढून दात सरकवून बसवला. या वेळी दातांना ग्रीस लावलेले असल्याने तो हाताच्या ठोक्याने निघाला.

सिल आणि वेल्डिंग

ॲक्सल बाहेर असतानाच सिलचे काम उरकून घ्यावे, या मोहात आम्ही गाडी चाकांवर उभी ठेवण्याची अट मोडली. वेल्डिंगसाठी पत्राकाम करणारे एक अनुभवी कारागीर घरी आले. त्यांनी गाडी पाहताच विचारले, “अहो, मागची चाकेच नाहीत, मग गाडीचं वजन कशावर आहे? दार लावून बघा बरं.” दार लावले तर ते मागच्या कडेला किंचित घासले. गाडी मागून भलत्या जागी आधार दिलेल्या स्टँडवर होती आणि सिल कापला असता तर बॉडी त्याच वाकड्या स्थितीत वेल्ड झाली असती. काम थांबवून ॲक्सल बसवला आणि गाडी चाकांच्या जागीच वजन येईल अशी टेकवली. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली, मगच पत्रा कापला. यात पाच आठवडे गेले, पण ते वाचवायला नको होते.

कामाची वाटणी चांगली झाली. लांबी खरवडणे, गंज शुद्ध पत्र्यापर्यंत घासणे, पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर ठेवणे आणि जवळचा गालिचा व वायरिंग हलवणे गाडीमालकांनी केले. मोजून कापणे आणि वेल्डिंग कारागिरांनी. त्यांनी एक ताकीद दिली, ती येथे मुद्दाम नोंदवतो: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग वेल्डिंगच्या उष्णतेत विषारी वायू सोडतो, तेव्हा वेल्डिंगच्या जागेजवळ तो वापरायचाच नाही. नव्या सिलच्या पोकळीत शेवटी मेणयुक्त गंजरोधक फवारले आणि खालची पाणी निचरण्याची भोके मोकळी असल्याची तारेने खात्री केली. जुना सिल सडण्यामागे ती भोके लांबीने बुजलेली असणे हे एक कारण होते.

घाईचा दुसरा फटका बॉनेटला बसला. ते आधीच पॉलिश झालेले असल्याने झाकण्याचे कोणाला सुचले नाही. ग्राइंडरच्या ठिणग्यांतून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतले आणि पंधरा दिवसांत त्यांचे नारिंगी ठिपके झाले. चिकणमातीसारख्या क्ले बारने बरेच निघाले, पण बॉनेट पुन्हा पॉलिश करावे लागले आणि आधीच पातळ झालेला रंग आणखी कमी झाला.

इंजिन: न उघडण्याचा निर्णय

इतकी वर्षे उभे असलेले इंजिन थेट सुरू करायचे नाही, यावर सुरुवातीपासून एकमत होते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडले, एक दिवस थांबून क्रँक पुली पान्याने हळूहळू फिरवली. इंजिन मोकळे होते. टायमिंग बेल्टचे वय कोणालाच माहीत नव्हते, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात, म्हणून सुरू करण्याआधीच तो बदलला. या इंजिनात कॅम पुली आणि क्रँक पुली १० मिलिमीटरच्या पिनांनी जागेवर अडकवता येतात, त्यामुळे हे काम घरी निर्धास्त करता येते. जुने पेट्रोल वार्निशच्या वासाचे झाले होते. टाकी धुतली, इंजेक्टर साफ करून घेतले आणि सगळे रबरी पाइप बदलले. इंजेक्शनच्या यंत्रणेत अडीच ते तीन बार (हे दाबाचे एकक) दाब असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा पाइप तेथे चालत नाही.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजले तेव्हा चारपैकी तीन सिलिंडरांत ११ बारच्या आसपास आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये ८ बार दाब आला. हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण काढायचे का, हा प्रश्न दोन आठवडे चर्चेत राहिला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजले, तर दाब १० वर गेला. व्हॉल्व्ह गळत असते तर तेलाने एवढा फरक पडला नसता. म्हणून उभे राहून चिकटलेल्या पिस्टन रिंगांवर संशय गेला. शिवाय या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये सिलिंडरचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत फिरतात त्या नळ्या, सुटे आणि थंड करणाऱ्या पाण्यात बसवलेले असतात. हेड काढल्यावर ते पट्ट्यांनी दाबून धरले नाहीत आणि क्रँक फिरला, तर ते जागचे उचलले जातात, खालचे सील बिघडते आणि दुरुस्तीचे काम दसपट होते. एका आकड्याच्या जोरावर तो धोका पत्करायचा नाही, ५०० किलोमीटर चालवून पुन्हा मोजायचे, असे ठरले. संपूर्ण प्रकरणातला हा मला सर्वांत समंजस वाटलेला निर्णय आहे, कारण हात शिवशिवत असताना तो घेतला गेला.

इंजिन सुरू झाल्यावर आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता राहणारी गती, वर-खाली होत राहिले. हवामापकावर शंका घेण्याआधी हवेच्या नळ्या तपासल्या. एका कोपऱ्यात रबराला चीर होती. ती नळी बदलली आणि इंजिन स्थिर झाले.

उरलेले काम

ब्रेकचे कॅलिपर, होज आणि द्रव बदलले. टायर दिसायला नवे होते, खाचा खोल होत्या. पण बाजूवरचा चार आकडी शिक्का गाडी उभी राहण्याच्याही आधीचा निघाला. शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात आणि आधीचे दोन आठवडा. चारही टायर बदलले. गालिचा काढल्यावर ओल मागच्या दाराच्या रबरातून येत असल्याचे कळले. प्लॅस्टिकच्या कमानी हीट गनने काळ्या करण्याची युक्ती करून पाहिली नाही, कारण तिचा परिणाम फार काळ टिकत नाही. त्यांना प्लॅस्टिकसाठीचा रंग दिला. पॉलिशचे काम या वेळी सर्वांत शेवटी झाले आणि रंगाची जाडी मोजूनच झाले.

परिणाम

सहा महिन्यांच्या अंदाजाचे १७ महिने झाले. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग ॲक्सल आणि सिलवर गेला, जे गाडीपाशी उभे राहून कोणालाही दिसत नाही. ओळंब्याचा फरक दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर आला. तिसऱ्या सिलिंडरचा दाब ५०० किलोमीटरनंतर साडेदहा बार भरला आणि हेडला हात लावावा लागला नाही. पहिल्यांदा गाडी चालवताना मालकांनी वळणात मुद्दाम घाई केली नाही. पण रस्त्यातल्या उंचवट्यावरून जाताना मागून कसलाही कुरकुर आवाज येत नसल्याचे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आले.

वेगळे काय करता आले असते

ओळंब्याने २१ मिलिमीटर दाखवले तेव्हाच शाफ्ट गेला आहे असे धरून चालायला हवे होते. फक्त बेअरिंग बदलण्याच्या आशेवर घेतलेला निर्णय त्या आकड्याशी जुळत नव्हता. मी असतो तर तयार संच घेतला असता आणि निदान तीन महिने वाचवले असते. गाडीमालकांचे मत वेगळे आहे: ॲक्सल स्वतः उघडला म्हणून आता सीलमध्ये पाणी शिरते आहे का, हे त्यांना आवाजावरून कळते, आणि पुढच्या वेळी बार हाताच्या ठोक्याने निघेल. मला त्यांचे म्हणणे खोडता येत नाही, तरी माझे मत कायम आहे.

पॉलिश पहिल्या रविवारी करायला नको होते, यावर वाद नाही. वेल्डिंगच्या कारागिरांना काम सुरू होण्याआधीच एकदा बोलावून गाडी दाखवली असती, तर ॲक्सल आणि सिल यांचा क्रम त्यांनीच लावून दिला असता. ब्रेकच्या नळ्यांचे फोटो काढले होते, पण क्लिपांचे नव्हते. चार क्लिपा कोठल्या हे शोधण्यात एक दिवस गेला.

१५०० किलोमीटरनंतर ओळंबा पुन्हा सोडला, तेव्हा दोन्हीकडे ८ मिलिमीटरच आले. बॉनेटच्या कडेवरचा करडा प्रायमर अजून उघडा आहे. डाव्या सिलला पक्का रंग द्यायचा राहिला आहे, त्याच दिवशी त्याच डब्यातल्या रंगाने तो झाकला जाईल.